माउंट सेंट हेलेन्सखाली शिलारस की जुना गाळ? मॅग्नेटोटेल्युरिक चित्र वाचताना

प्रश्न असा आहे : "मी भूभौतिकीत एम.एस्सी. करते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीच्या खाली विजेला सहज वाट देणारा एक पट्टा आहे. २००९ च्या निबंधात तो अंशतः वितळलेला खडक असल्याचं म्हटलं आहे. २०१८ च्या निबंधात त्याच परिसरातल्या वाहक खडकांना जुने, रूपांतरित झालेले गाळाचे खडक म्हटलं आहे. नियतकालिक तेच, पद्धतही तीच. मग ज्वालामुखीच्या पोटात काय आहे ते विद्युतचुंबकीय सर्वेक्षणाने कळतं, असं कसं म्हणायचं?"

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर थोडक्यात उरकण्यासारखं नाही. मी गेली बावीस वर्षं मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षणं, म्हणजे निसर्गातल्याच विद्युतचुंबकीय लहरी वापरून जमिनीखालचे खडक पाहण्याचं काम, करतो आहे. सुरुवात दख्खनच्या बेसॉल्टवर झाली, नंतरची बरीच वर्षं ज्वालामुखींच्या उतारांवर आणि भूऔष्णिक प्रकल्पांत गेली. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट सांगतो. या दोन्ही निबंधांत मोजमाप चुकलेलं नाही. दोघांनीही रोधकता, म्हणजे खडक विजेला किती अडवतो ते, मोजली. जमिनीखालच्या अमुक भागातून वीज सहज जाते आणि तमुक भागातून जात नाही, एवढंच आपलं उपकरण सांगतं. त्या भागाला 'शिलारस' म्हणायचं की 'गाळाचा खडक', हे माणूस ठरवतो. २००९ च्या निबंधाचे पहिले लेखक ग्रॅहम हिल २०१८ च्या निबंधातही सहलेखक आहेत. म्हणजे हे दोन गटांचं भांडण नव्हतं. अधिक मोठ्या परिसरातली मोजमापं हाती आल्यावर अर्थ बदलला, आणि तो बदलणाऱ्यांत पहिल्या निबंधाचा मुख्य लेखकही होता.

महाराष्ट्रात बोअर घ्यायच्या आधी शेतात चार लोखंडी खुंट्या ठोकून, दोघांतून वीज सोडून, उरलेल्या दोघांत व्होल्टेज मोजणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. खुंट्यांमधलं अंतर वाढवत नेलं की वीज अधिक खोल जाते. पाणी धरणारा झिजलेला खडक वीज चांगली वाहतो, कडक काळा पाषाण वाहत नाही. तत्त्व आमचंही हेच, पण या रीतीने १५ किलोमीटर खोल पाहायचं तर खुंट्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात ठोकाव्या लागतील आणि वीज सोडायला छोटं वीजकेंद्रच लागेल. म्हणून आम्ही वीज सोडत नाही. निसर्ग ती आधीपासून सोडतोच आहे.

जगात कुठे ना कुठे सतत विजा कडाडत असतात. त्यांच्या लहरी जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीतून पृथ्वीभर फिरतात. सेकंदाला एकापेक्षा जास्त आवर्तनांचे संकेत मुख्यतः त्यांच्यापासून मिळतात. त्याहून संथ संकेत सौर वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धक्के देतो तेव्हा उमटतात. हे बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरलं की तिथे विद्युतप्रवाह निर्माण होतो. पृष्ठभागावर आम्ही चुंबकीय क्षेत्र आणि विद्युतक्षेत्र दोन्ही एकाच वेळी मोजतो आणि त्यांचं गुणोत्तर काढतो. रशियात तिखोनोव्ह यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्समध्ये कान्यार यांनी १९५३ मध्ये या गुणोत्तरातून खालच्या खडकाची रोधकता कशी काढायची ते दाखवलं. संकेत जितका संथ तितका तो खोल जातो. खोलीचा ढोबळ हिशोब असा : रोधकता (ओहम-मीटर या एककात) आणि आवर्तनकाळ, म्हणजे एका आवर्तनाला लागणारे सेकंद, यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, अर्धं करा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. १०० ओहम-मीटरच्या खडकात एका सेकंदाचा संकेत ५ किलोमीटर जातो, शंभर सेकंदांचा ५० किलोमीटर. पण एका ओहम-मीटरच्या ओल्या चिकणमातीत एका सेकंदाचा संकेत अर्ध्या किलोमीटरवरच विरतो. २ किलोमीटर जायला १६ सेकंदांचा संकेत लागतो. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, ज्वालामुखीवर तो फार त्रास देतो.

दुसरा त्रास नैसर्गिक आहे. विजांचे संकेत जिथे क्षीण होत जातात आणि सौर वाऱ्याचे अजून जोर धरत नाहीत, तो पट्टा एका सेकंदाच्या आसपास येतो. तिथे संकेत अतिशय दुबळा असतो. ज्वालामुखीतल्या ३० ओहम-मीटरच्या खडकात एक सेकंद म्हणजे सुमारे पावणेतीन किलोमीटर. नेमकी जिथे उथळ शिलारसाची कोठी असण्याची शक्यता, तिथेच आपला दिवा मंद. म्हणून एकेका ठिकाणी यंत्र निदान रात्रभर चालू ठेवावं लागतं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं तेही सांगतो, कारण निबंधातल्या रंगीत चित्राचा कस तिथेच ठरतो. एका ठिकाणी उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन तारा पसरायच्या. प्रत्येक साधारण ५० ते १०० मीटर लांब, टोकांना ध्रुवीकरण न होणारे इलेक्ट्रोड. मधे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या तीन इंडक्शन कॉइल पुरायच्या, दोन आडव्या, एक उभी. ताज्या लाव्हावर खड्डा खणणं हीच परीक्षा असते. खडक कोरडा, सच्छिद्र, वीज आत शिरायलाच तयार नाही. मग बेंटोनाइटची माती मिठाच्या पाण्यात कालवून इलेक्ट्रोडभोवती लिंपायची. लाव्हात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे होकायंत्र भलतीकडे वळतं आणि दिशा जीपीएसने लावाव्या लागतात. वाऱ्याने झुडूप हललं तरी त्याची मुळं कॉइल हलवतात आणि रेकॉर्ड नासतं. ज्वालामुखीच्या वाफा सोडणाऱ्या धुरांड्यांजवळ आम्लाच्या वाफा तारांचे सांधे खातात. दख्खनमधली माझी सगळ्यात स्वच्छ रेकॉर्ड कुठली म्हणाल, तर ज्या रात्री शेतीच्या थ्री-फेजची पाळी नसायची तेव्हाची. गावात पोचलो की आधी पाळीचं वेळापत्रक विचारायचं, मग यंत्र लावायचं.

माणसाने केलेला विजेचा गोंगाट ही या शास्त्राची जुनी व्याधी आहे आणि तिचा एक धडा आपल्या मुंबईत गिरवला गेला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होती. १८५९ च्या सप्टेंबरातलं प्रचंड सौर वादळही तिथे नोंदलं गेलं. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार हे नक्की झाल्यावर तिथल्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजून जुन्या आणि नव्या नोंदींची सांगड घातली गेली. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये धावल्या. आजही आम्ही एक यंत्र सर्वेक्षणाच्या जागेपासून दूर, शांत ठिकाणी लावतो. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उमटलेला संकेत निसर्गाचा, एकाच ठिकाणी उमटलेला स्थानिक गोंगाट. ही युक्ती गॅम्बल, गूबो आणि क्लार्क यांनी १९७९ मध्ये मांडली आणि या पद्धतीला खरं बळ तिथून आलं. एखाद्या निबंधात हे दूरचं ठाणं नसेल तर मी पुढची चित्रं पाहण्याआधी आकडेवारी दोनदा तपासतो.

आता मुख्य मुद्दा. ज्वालामुखीखाली वीज चांगली कोण वाहतं?

शिलारस वाहतो. गार, कोरड्या ग्रॅनाइटची रोधकता हजारो ओहम-मीटर असते, वितळलेल्या बेसॉल्टची एक ओहम-मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण रस नुसता असून भागत नाही, तो जोडलेला हवा. खडकाच्या कणांमधून त्याचे धागे एकमेकांना भिडलेले असतील तर तीन-चार टक्के रसही रोधकता कितीतरी पटींनी खाली आणतो. तोच रस सुट्या थेंबांत विखुरला असेल तर वीज त्याला जवळपास ओळखतच नाही.

खारं पाणी वाहतं, आणि शिलारसातून सुटून वर आलेली गरम, दाट खारी द्रवं तर शिलारसापेक्षाही चांगली वाहू शकतात.

चिकणमाती वाहते. गरम पाणी खडकातून फिरलं की खडक कुजतो आणि स्मेक्टाइट नावाची माती तयार होते. तिच्या थरांमध्ये आयन मोकळे हिंडतात. सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियसपर्यंत ती टिकते. त्यापुढे तिचं रूपांतर होत जातं आणि २३० च्या आसपास इलाइट किंवा क्लोराइट उरतं, ज्यांतून वीज तितकी जात नाही. त्यामुळे भूऔष्णिक क्षेत्रात एक उलटी गोष्ट दिसते : सगळ्यात चांगला वाहक थर सगळ्यात गरम नसतो. तो गरम भागावरचं झाकण असतो आणि झाकणाखालचा खरा गरम भाग अधिक रोधक दिसतो.

आणि चौथा, जो तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे : कार्बन. समुद्रतळावर साचलेल्या चिखलात सेंद्रिय द्रव्य असतं. तो चिखल भूखंडाच्या काठावर दाबला गेला, खोल गेला, तापला, की त्या द्रव्याचा ग्रॅफाइट होतो आणि खडकाच्या पापुद्र्यांवर पातळ थरासारखा पसरतो. सल्फाइड खनिजंही तशीच. असा खडक गार पडून कोट्यवधी वर्षं झाली तरी वाहकच राहतो.

रोधकतेच्या नकाशावर ही चारही मंडळी एकाच रंगात दिसतात. बहुतेक जण वाहक भाग लाल रंगवतात आणि लाल म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात लाव्हा येतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सुरुवातीला करड्या छटांतच चित्रं काढायला लावतो.

हे मी अनुभवाने शिकलो. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असताना एका भूऔष्णिक प्रकल्पासाठी आम्ही एका जुन्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी सर्वेक्षण केलं. साधारण ६०० मीटर खोलीवर अतिशय सुरेख, गोलसर वाहक थर मिळाला. वर किंचित फुगलेला, कडेला उतरता, पुस्तकातल्या आकृतीसारखा. मी अहवालात तो चालू भूऔष्णिक व्यवस्थेवरचं झाकण असल्याचं लिहिलं. विहीर खणली. झाकण होतं, स्मेक्टाइट होतं, त्याखाली इलाइटही होतं. उष्णता नव्हती. ती व्यवस्था फार पूर्वीच निवली होती. माती आपल्या आयुष्यातलं सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवते आणि खडक थंड झाल्यावरही तेच सांगत राहते. झऱ्यांच्या पाण्याचं रसायन मी तेव्हा वेगळ्या कोणाचं तरी काम समजत होतो. ते आधी पाहिलं असतं तर तो अहवाल तसा लिहिला नसता. त्या विहिरीवर खर्च झालेला पैसा आणि माणसांचे महिने मला आजही बोचतात.

आता सेंट हेलेन्सकडे येऊ. १८ मे १९८० च्या उद्रेकात या पर्वताचं शिखर सुमारे ४०० मीटरने खचलं आणि ५७ माणसं दगावली. त्यानंतर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले स्टॅन्ली यांनी ऐंशीच्या दशकात तिथे मॅग्नेटोटेल्युरिक मोजमापं केली. सेंट हेलेन्स, अ‍ॅडम्स आणि रेनियर या तीन ज्वालामुखींच्या मधल्या प्रदेशाखाली त्यांना मोठा वाहक पट्टा सापडला. त्यांनी त्याला भूखंडाच्या काठी चेपले गेलेले समुद्री गाळाचे खडक म्हटलं. म्हणजे 'गाळ' हे मत २०१८ मध्ये नव्याने जन्मलं नाही, ते सगळ्यात जुनं आहे.

२००४ ते २००८ या काळात पर्वताच्या विवरात पुन्हा लाव्हा वर येत होता, घुमट वाढत होता. तेव्हा हिल आणि सहकाऱ्यांनी ८५ ठिकाणी मोजमापं केली. त्यांना दिसलं की सेंट हेलेन्सच्या थेट खाली एक वाहक भाग आहे आणि तो खाली उतरत जाऊन मधल्या कवचातल्या त्या मोठ्या पट्ट्याला मिळतो. त्यांचा तर्क असा होता : वर लाव्हा येतोच आहे, म्हणजे त्याच्या खालचा वाहक भाग रसाचा असणार, आणि तो ज्याला जोडलेला आहे तो पट्टाही रसाचा असणार. तर्काची पहिली पायरी मला आजही भक्कम वाटते. दुसरी पायरी ठिसळ आहे. दोन वाहक गोष्टी एकमेकींना चिकटल्या म्हणून त्या एकाच द्रव्याच्या ठरत नाहीत. विहिरीच्या पाण्याला लागून काळी ओली माती असते, तिला कोणी पाणी म्हणत नाही.

पुढच्या दशकात तिथे भूकंपशास्त्र, शिलाशास्त्र आणि मॅग्नेटोटेल्युरिक अशा तिन्ही अंगांनी एकत्र मोहीम झाली आणि तिच्यातून बेड्रोसियन आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा निबंध आला. जाळं विस्तारलं, सगळं गणित त्रिमितीत झालं आणि शेजारी गुरुत्वीय आणि चुंबकीय मोजमापं ठेवली गेली. तेव्हा चित्रात एक नवं पात्र पुढे आलं, आणि ते वाहक नव्हे, रोधक होतं. तृतीयक कालखंडाच्या मध्यावर, म्हणजे काही कोटी वर्षांपूर्वी, थिजलेला एक अवाढव्य ग्रॅनाइटी गोळा तिथे गाडलेला आहे. भूकंप आणि ज्वालामुखी त्या गोळ्याला जवळजवळ टाळून, त्याच्या कडेकडेने आहेत. वाहक रूपांतरित गाळाचे खडकही त्या कडेला आहेत. रस मात्र नाहीसा झाला नाही. खालच्या कवचात, रुंद पट्ट्यात, ३ ते १० टक्के जोडलेला रस असलेला लगदा आहे असं त्यांनी दाखवलं. तिथून रस वर येताना त्या कठीण गोळ्याला वळसा घालतो आणि कडेच्या कमकुवत खडकांतून वाट काढतो.

सेंट हेलेन्स आपल्या पर्वतरांगेच्या मुख्य रेषेपासून सुमारे ५० किलोमीटर पश्चिमेला एकटाच का उभा आहे, हे जुनं कोडं होतं. २०१६ मध्ये भूकंपलहरींच्या अभ्यासातून दिसलं होतं की त्याच्या थेट खालचं प्रावरण (कवचाखालचा थर) थंड आणि पाणी मुरून सर्पेंटाइन या खनिजात बदललेलं आहे, म्हणजे रस सरळ खालून येऊच शकत नाही. तो पूर्वेकडून तिरका यायला हवा. २०१८ चं चित्र याच्याशी जुळतं. म्हणून मी आज २०१८ च्या बाजूला झुकतो. त्यांची यंत्रं चांगली होती हे माझं कारण नाही. त्यांच्या उत्तराने वाहकतेशी थेट संबंध नसलेली तीन वेगळी कोडीही सुटतात : भूकंप त्या गोळ्याच्या कडेकडेनेच का, पर्वत रेषेबाहेर एकटा का, आणि खालचं प्रावरण थंड असताना रस येतो कुठून.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न हाच येणार : रस 'किती' हे तरी कळतं का? इथे मला थोडं गणित करू द्या, कारण वर्तमानपत्रांत टक्केवारी जशी छापून येते ते मला मनापासून खटकतं.

विद्युतचुंबकीय लहर वाहक थराला भेटते तेव्हा तिला थराचा माथा नीट कळतो. जाडी आणि वाहकता वेगवेगळ्या कळत नाहीत, दोघींचा गुणाकार कळतो. समजा शुद्ध रसाची रोधकता ०.५ ओहम-मीटर आहे. २ ओहम-मीटरचा एक किलोमीटर जाड थर घ्या, गुणाकार ५०० सीमेन्स (वाहकता गुणिले जाडी याचं एकक). १० ओहम-मीटरचा ५ किलोमीटर जाड थर घ्या, गुणाकार पुन्हा ५०० सीमेन्स. पृष्ठभागावर मोजताना या दोघांत फरक करणं जवळपास अशक्य. आता रस सगळ्या कणांभोवती जोडलेला आहे असं धरून हॅशिन आणि श्ट्रिकमन यांच्या, मिश्र पदार्थाची वाहकता काढण्याच्या सूत्रात आकडे टाका. पहिल्या थरात रस निघतो सुमारे ३३ टक्के, दुसऱ्यात सुमारे ७ टक्के. एका आकड्यावर बातमीचा मथळा होईल, दुसऱ्यावर होणार नाही, आणि मोजमाप एकच!

पण याच हिशोबात एक दिलासा दडला आहे. पहिल्या थरातला सगळा रस पिळून एका जागी केला तर त्याचा थर ०.३३ किलोमीटर जाड होईल, दुसऱ्यातला ०.३६ किलोमीटर. म्हणजे टक्केवारी पाचपट बदलली तरी एकूण रस जवळपास तेवढाच राहिला. ही पद्धत एकूण साठा बऱ्यापैकी सांगते, तो किती दाटीने साठला आहे ते सांगत नाही. आणि उद्रेकाच्या दृष्टीने दाटीच महत्त्वाची, कारण रस निम्म्याच्या आसपास गेल्याशिवाय स्फटिकांचा तो लगदा सहसा वाहता होत नाही. म्हणून 'अमुक ज्वालामुखीखाली एवढे घनकिलोमीटर शिलारस सापडला' हे खरं असू शकतं आणि तरीही त्यातला थेंबभरही आज बाहेर पडण्याजोगा नसू शकतो.

रसाची स्वतःची रोधकता मी वर ०.५ धरली, तीही गृहीतच. बोलिव्हियातला ६,००८ मीटर उंच उतुरुंकू ज्वालामुखी याचं चांगलं उदाहरण आहे. शेवटचा उद्रेक होऊन अडीच लाख वर्षं झाली असावीत, तरी १९९२ पासूनच्या उपग्रह-रडारच्या नोंदींत तो वर्षाला सुमारे एक सेंटिमीटरने उचलला जाताना दिसला. फुगणारा भाग सुमारे ७० किलोमीटर रुंद. अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने तिथे सर्वेक्षण केलं आणि २०१५ मध्ये मांडलं की पंधरा-वीस किलोमीटर खोलीवरचा थर ३ ओहम-मीटरपेक्षाही कमी रोधकतेचा आहे, त्याला निदान १५ टक्के रस लागेल. २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाने प्रयोगशाळेत अँडेसाइटी रस मोठ्या दाबाखाली, भरपूर पाणी मुरवून मोजला. रसात वजनाच्या ८ ते १० टक्के पाणी धरलं तर सुमारे १० टक्के रसावरही तीच वाहकता मिळते. पर्वतावरची मोजमापं तीच राहिली, आकडा प्रयोगशाळेतून बदलला. प्रयोगशाळेतल्या या कामाकडे आपले विद्यार्थी क्वचित वळतात. वळायला हवं, तिथे फार मोठी उणीव आहे.

पद्धत हुकली अशी उदाहरणंही सांगितली पाहिजेत. आइसलँडच्या क्राफ्ला ज्वालामुखीत २००९ मध्ये ४ किलोमीटरहून खोल जाण्याच्या बेताने विहीर खणली जात होती. २.१ किलोमीटरवरच ड्रिल रायोलाइटी शिलारसात घुसलं. त्या परिसरात मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण झालेलं होतं आणि रस त्याहून खोल असेल अशी अपेक्षा होती. असं का होतं ते वरच्या मजकुरात आलंच आहे. वर चिकणमातीचं झाकण, जे संकेत गिळतं. खाली लहान कोठी, जिचा गुणाकार झाकणापुढे नगण्य. शिवाय उथळ ठिकाणच्या रायोलाइटी रसात पाणी कमी, त्यामुळे तो बेसॉल्टी रसापेक्षा कमी वाहक असू शकतो. कोठी लहान आणि उथळ असेल तर 'दिसलं नाही' याचा अर्थ 'नाही' असा काढू नका.

मग ही पद्धत सर्वांत उपयोगी कुठे? माझं मत विचाराल तर शिलारस शोधण्यापेक्षा ते चिकणमातीचं झाकण शोधण्यात. जपानच्या ओन्ताकेवर २७ सप्टेंबर २०१४ ला ६३ जण मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले, न्यूझीलंडच्या व्हाकारीवर ९ डिसेंबर २०१९ च्या स्फोटाने २२ जणांचा बळी घेतला. दोन्ही ठिकाणी जमिनीखालचं तापलेलं पाणी अचानक वाफ होऊन फुटलं. असे स्फोट फार कमी पूर्वसूचना देतात. झाकण कुठे अखंड आहे, कुठे पातळ आहे, त्याखाली वाफ आणि पाणी कुठे कोंडलं आहे, हे पहिल्या एक-दोन किलोमीटरांतले प्रश्न आहेत आणि तिथे ही पद्धत अतिशय स्पष्ट पाहते. रोधकतेत शंभरपट फरक, खोली कमी, ठाणी दाट लावता येतात. पर्यटकांची पायवाट कुठून न्यावी, आसरे कुठे बांधावेत, हे ठरवताना असा नकाशा टेबलावर असलाच पाहिजे असं मला तळमळीने वाटतं. हेलिकॉप्टरखाली तारेचं कडं टांगून केलेलं सर्वेक्षण याहूनही उथळ, काही शे मीटरच पाहतं, पण भराभर. यलोस्टोनवर २०१६ मध्ये ते झालं आणि गरम पाण्याच्या वाटा भेगांच्या रेषांनी कशा वर येतात ते त्यातून दिसलं.

भारतात काय, असंही तुमच्या मनात असेल. आपला एकमेव जागा ज्वालामुखी म्हणजे अंदमानातलं बॅरन बेट, जे दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर १९९१ मध्ये पुन्हा पेटलं. पण बेट जेमतेम ३ किलोमीटर रुंद, चहूबाजूंनी समुद्र, आणि समुद्राच्या पाण्याची रोधकता ०.३ ओहम-मीटरच्या आत-बाहेर. प्रवाह बेटाला वळसा घालून पाण्यातूनच जातात. तिथे समुद्रतळावर यंत्रं ठेवल्याखेरीज खोलचं काही सांगणं मला धाडसाचं वाटतं. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याखाली शिलारस शोधायला कोणी जात नाही. तिथे ही पद्धत बेसॉल्टची जाडी आणि त्याच्या पोटाखाली गाळ आहे की ग्रॅनाइट हे पाहायला वापरतात. कोयनेला खोल विहिरीत ९३३ मीटर बेसॉल्टनंतर थेट ग्रॅनाइट लागला, मधे गाळ नाही. गंमत पाहा : दख्खनमध्ये बेसॉल्टखाली वाहक थर दिसला की आपण बिनदिक्कत गाळ म्हणतो, आणि वॉशिंग्टनमध्ये तसाच थर दिसला की रस म्हणण्याचा मोह होतो. आकडा तोच असतो, आजूबाजूचा भूगोल वेगळा असतो. दोन्हीकडे वेगळा पुरावा मागायची सवय लावून घ्या.

शेवटी एक काम सुचवतो, कारण हे वाचून अर्धंच कळतं. अमेरिकेतल्या बऱ्याच मॅग्नेटोटेल्युरिक ठाण्यांची प्रक्रिया केलेली आकडेवारी सर्वांना खुली आहे. मॉडईएम हा त्रिमितीय इन्व्हर्जनचा (मोजमापांवरून खालच्या रोधकतेचं प्रतिमान काढण्याचा) प्रोग्रॅम शैक्षणिक कामासाठी मिळतो, आणि आकडे हाताळायला एमटीपाय हे पायथॉनमधलं साधन आहे. कॅस्केड्समधली, म्हणजे सेंट हेलेन्सच्या पर्वतरांगेतली, वीस-पंचवीस ठाणी घ्या आणि विद्यापीठाच्या संगणकावर एक ढोबळ प्रतिमान बसवा. मग त्यातला मधल्या कवचातला वाहक भाग खोडून तिथे १०० ओहम-मीटर भरा आणि प्रतिसाद पुन्हा काढा. कुठल्या ठाण्यांवर, कुठल्या आवर्तनकाळांना मोजलेले आणि काढलेले आलेख एकमेकांपासून सुटतात ते पाहा. त्यानंतर खालच्या कवचातला भाग खोडा आणि तेच करा. पहिल्या वेळी आलेख लगेच सुटतील. दुसऱ्या वेळी वरच्या वाहकाच्या सावलीमुळे फार थोड्या ठाण्यांवर, लांब आवर्तनकाळांनाच फरक दिसेल. ते आलेख छापून दोन्ही निबंधांच्या शेजारी ठेवा आणि २०१८ मधला ३ ते १० टक्क्यांचा आकडा नेमक्या कोणत्या ठाण्यांच्या, कोणत्या आवर्तनकाळांच्या आधारावर उभा आहे ते त्यावर पेन्सिलीने खूण करून पाहा.